रस्ता आखणाऱ्याला जाब विचारा

महामार्गावर बिबट्या मेला, नीलगाय आडवी पडली, मगर चिरडली गेली, की दुसऱ्या दिवशी निकाल लागलेला असतो: ट्रकवाल्यांना मुक्या जिवांची पर्वा नाही. वाचकांच्या पत्रांत, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, निसर्गमंडळांच्या बैठकीत हाच सूर असतो. त्याच्या पाठोपाठ मागण्या येतात. परवाना रद्द करा, तुरुंगात टाका, रात्रीची जड वाहनं बंद करा. असं बोलणारी माणसं दुष्ट नाहीत. रस्त्यावर मरून पडलेलं जनावर पाहून त्यांच्या पोटात तुटतं, माझ्याही तुटतं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी दिली म्हणून चोरी थांबत नाही. ट्रकवाल्याला शिव्या घालून आजवर एकही बिबट्या वाचलेला नाही.

म्हणून हा प्रतिवाद. महामार्गावर वन्यप्राणी मरतो तो मुख्यतः रस्त्याच्या आखणीमुळे, तिथे ठरवलेल्या वेगामुळे आणि माल कधी कुठे पोचला पाहिजे हे ठरवणाऱ्यांमुळे. स्टिअरिंगवरच्या माणसाच्या हातात यातलं काहीच नसतं. त्याला दोष देणं सोपं आहे, कारण तो आपल्या ग्रुपवर नाही आणि उत्तर द्यायला येणार नाही.

बडोद्याचंच उदाहरण घेतो, कारण मी इथे राहतो आणि इथे वन्यप्राणी आणि महामार्ग यांच्यात अंतर असं उरलेलंच नाही. पावागडच्या डोंगरातून निघालेली विश्वामित्री शहराच्या मधोमध वाहते, सयाजीबागेला वळसा घालते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. या नदीत मगरी आहेत. फेब्रुवारी 2025 च्या गणनेत त्या चारशेहून अधिक भरल्या. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावातही त्या आहेत. शहराच्या पूर्व अंगाने राष्ट्रीय महामार्ग 48 जातो: दुमाड चोकडी, गोल्डन चोकडी, कपुराई, तरसाली, मग जांबुवाचा पूल, पोर, करजण आणि पुढे भरूचला नर्मदेवरचा पूल. उत्तरेला अहमदाबादपर्यंत 93 किलोमीटरचा कुंपण घातलेला द्रुतगती मार्ग आहे. आता त्यात दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गाची भर पडली आहे; त्याचा बडोदा–भरूच टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. न्हावा शेवा, हजिरा, दहेज इथला माल उत्तरेला न्यायचा तर बडोदा चुकत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तीन दिवसांत दोन डझन मगरी वस्तीतून पकडून हलवाव्या लागल्या. दोन तरुणांनी एक मगर दुचाकीवर मधे आडवी धरून वनखात्याच्या कार्यालयात पोचवली, तो व्हिडिओ देशभर फिरला. त्याआधी 31 जुलै 2019 ला एका दिवसात जवळपास 20 इंच पाऊस पडला तेव्हाही गल्लीबोळांत मगरी दिसल्या होत्या. दोन्ही वेळा शहराने शहाणपण दाखवलं. कुणी मगरीला दोष दिला नाही, बिचारी पाण्याबरोबर आली असंच लोक म्हणाले. मग तीच मगर त्याच पावसात महामार्गाच्या भरावावर चढते आणि चाकाखाली येते, तेव्हा आपली समज कुठे जाते? तिथे पाऊस, नदी, नाला, भराव सगळं विसरून आपल्याला फक्त ट्रक दिसतो.

ती मगर भरावावर का चढते ते पाहायला हवं. मगरीला रस्ता ओलांडायची हौस नसते. ती नाल्याच्या अंगाने सरकते. महामार्गाखाली नाल्यासाठी मोरी ठेवलेली असते, पण ती पाण्याचा हिशेब करून ठेवलेली असते, प्राण्याचा नाही. पुष्कळ ठिकाणी ती मोरी म्हणजे सिमेंटचे गोल पाइप. त्यात गाळ भरतो, प्लास्टिक अडकतं, बाभळीच्या फांद्या अडकतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं की पाइपाचं तोंड पाण्याखाली जातं आणि आतून प्रवाहाचा जोर येतो. पुढे जायचं तर वर चढण्याशिवाय मगरीला वाट नसते. वर सहा पदरी डांबर, मधे दुभाजक आणि दुभाजकावर कण्हेरीची दाट झुडपं. ती झुडपं समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येऊ नये म्हणून लावतात, हेतू चांगला आहे. पण त्यांच्याआड उभी असलेली नीलगाय शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, आणि जिथे झुडपांऐवजी काँक्रीटचा सलग कठडा आहे तिथे अर्धा रस्ता ओलांडून आलेलं जनावर भिंतीशी अडकून मागे वळतं. धडक बहुधा त्या मागे वळण्यातच बसते.

पोरच्या पुढे एका ढाब्यावर संगमनेरकडचा एक ड्रायव्हर भेटला होता. कांदा भरून दिल्लीकडे निघाला होता, क्लिनर गाडीखाली शिरून टायर ठोकून बघत होता. मी मगरीचा विषय काढला. तो म्हणाला, "सर, गेल्या पावसाळ्यात मला ती टायरचा पट्टा वाटली." महामार्गावरून जाणाऱ्याला हे लगेच समजेल. रिमोल्ड केलेल्या टायरची वरची साल उन्हाने, ओझ्याने फाटून निघते आणि काळ्या पट्ट्यासारखी रस्त्यावर पडून राहते. दर काही किलोमीटरवर एक तरी दिसते. ड्रायव्हर ती दोन चाकांच्या मधे घेतो आणि पुढे जातो. "जवळ गेलो तर पट्टा हलला," तो सांगत होता. "ब्रेक मारायचा विचार आला, पण मागे टँकर चिकटलेला. गाडी सरळ ठेवली, मधून घेतली. वाचली असावी." पुढे शंभर-दीडशे मीटरवर त्याने गाडी कडेला घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि क्लिनरला टॉर्च देऊन मागे पाठवलं, येणाऱ्यांना हात दाखवायला. मागून येणाऱ्या गाड्यांतून त्या पोराला शिव्या मिळाल्या. फोन कुणाला करायचा ते दोघांनाही माहीत नव्हतं. दहा मिनिटांनी ते निघाले, कारण तिथे गाडी उभी ठेवणं हीच पुढच्या अपघाताला दिलेली हाक होती. या माणसाला मुक्या जिवाची पर्वा नाही असं मला कुणी सांगू नये.

आता गणित मांडतो, कारण आरोप करणारे गणित करत नाहीत. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22 मीटर. रात्री समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद जातो. चांगल्या, जाग्या ड्रायव्हरलाही तेवढा लागतोच. म्हणजे 33 मीटर गाडी पूर्ण वेगात पुढे गेली. नंतर भरलेला ट्रक, कोरडा रस्ता, ब्रेक उत्तम, असं धरलं तरी थांबायला आणखी 60 मीटरच्या आसपास लागतात. एकूण 90 मीटरच्या वर. आणि डिपरवर हेडलाइटचा उपयोगी उजेड पडतो 40 ते 50 मीटरपर्यंत. समोरून सलग वाहतूक असलेल्या रस्त्यावर अप्पर लावता येत नाही, लावू नये. म्हणजे 80 च्या वेगाने जाणारा ट्रक रात्री आपल्या उजेडात दिसणाऱ्या कुठल्याही गोष्टीपाशी थांबूच शकत नाही. ड्रायव्हर साधू असो की बेवडा, भौतिकशास्त्र दोघांना सारखंच लागू आहे. हाच वेग 50 वर आणा. सेकंदाला 14 मीटर, दीड सेकंदात 21, ब्रेकचे 24, मिळून 45. उजेडाच्या आत गाडी थांबते. फरक ड्रायव्हरच्या काळजात नाही, त्या 30 किलोमीटरमध्ये आहे. आणि तो आकडा ठरवणारा माणूस ढाब्यावर जेवत नाही, मंत्रालयात बसतो.

"मग स्टिअरिंग वळवायचं ना," असंही लोक म्हणतात. भरलेली गाडी अचानक वळवली की वरचा भार एका बाजूला जातो आणि गाडी कलंडते. नंदेसरी, अंकलेश्वर, दहेजचे रसायनांचे टँकर याच रस्त्यावरून जातात. त्यांत द्रव पदार्थ हेलकावतो, ते तर आणखी लवकर उलटतात. ॲसिडचा टँकर उलटला तर काय होतं ते भरूच–बडोदा पट्ट्यातल्या गावांना सांगावं लागत नाही. जुने उस्ताद नव्या पोराला पहिल्यांदा हेच शिकवतात की जनावर आडवं आलं तर ब्रेक दाब, हॉर्न दे, पण स्टिअरिंग कापू नकोस. ही शिकवण निर्दयी वाटत असेल तर शेजारच्या पदरातल्या दुचाकीवरच्या कुटुंबाचा विचार करावा.

आणि वेगाचीच गोष्ट निघाली आहे तर पुढचं बोललं पाहिजे. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे द्रुतगती मार्गावर मालवाहू गाडीला 80 ची कमाल मर्यादा आहे आणि कारला 120 ची. चौपदरी महामार्गावर ट्रक 80, कार 100. मालवाहू गाड्यांना वेगनियंत्रक बसवणं सक्तीचं आहे, खाजगी कारला नाही. म्हणजे रस्त्यावरचं सर्वांत वेगवान वाहन तुमचं आणि माझं आहे. ऑगस्ट 2023 मध्ये गोंदिया जिल्ह्यात, नवेगाव–नागझिऱ्याच्या पट्ट्यात, मुरदोलीजवळ एक तरुण वाघ गाडीच्या धडकेने जबर जखमी झाला. मागचं अंग ओढत झाडीत शिरणारा तो वाघ व्हिडिओत साऱ्या महाराष्ट्राने पाहिला. तो वाचला नाही. धडक देणारी गाडी कार होती. त्या आठवड्यात "कारवाले बेपर्वा असतात" असं पत्र मी कुठे वाचलं नाही. कारवाल्याच्या हातून होतो तो दुर्दैवी अपघात आणि ट्रकवाल्याच्या हातून होते ती बेपर्वाई, ही वाटणी प्राण्यांच्या प्रेमातून आलेली नाही. ती वर्गातून आली आहे, आणि ती मला सर्वांत जास्त खुपते.

रात्रीचा मुद्दा घेऊ. ट्रक रात्रीच का धावतात? ते आपण धावायला लावले म्हणून. बडोदा, अहमदाबाद, ठाणे, मुंबई, सगळीकडे दिवसा जड वाहनांना बंदीच्या वेळा आहेत. आपल्या मुलांच्या शाळा, आपली कार्यालयं, आपली कोंडी यांसाठी आपणच ती मागितली. घोडबंदर रस्ता पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला खेटून जाणारा रस्ता, आणि तिथे अवजड वाहनांना मोकळीक मिळते ती रात्री उशिरा, म्हणजे बिबट्या बाहेर पडतो त्या वेळेला. आपण शहरातून ट्रक हाकलले, ते अंधारात गेले. अंधारात प्राणी होते. आता दोघांची गाठ पडली की आपण रात्रीही बंदी घाला म्हणतो. मग सकाळी दारात दूध, भाजी, औषधं कशी येणार याचं उत्तर बंदी मागणाऱ्याने द्यावं.

कामगार कायदा दिवसाला आठ तासांचं काम सांगतो. ई-वे बिलाची मुदतही अंतराच्या मानाने उदार आहे, 200 किलोमीटरला एक दिवस. पण ड्रायव्हरचं वेळापत्रक कायदा ठरवत नाही, ट्रान्सपोर्टवाला ठरवतो, आणि ट्रान्सपोर्टवाल्याला ते गोदामाचा मालक सांगतो. गोदामाच्या मालकाला आपण सांगतो, उद्या सकाळी हवं म्हणून. जांबुवाच्या अरुंद पुलावर कोंडीत दोन तास गेले तर ते ड्रायव्हरच्या झोपेतून वजा होतात.

एक विरोधी मुद्दा मी मनापासून मान्य करतो. दारू पिऊन गाडी चालवणारे आहेत. अप्पर लावून समोरच्याला आंधळं करणारे आहेत. क्षमतेपेक्षा जास्त माल भरून, गुळगुळीत टायरांवर चालणारेही आहेत. त्यांना शिक्षा झालीच पाहिजे, प्राण्यासाठीही आणि माणसासाठीही. पण हे सगळे उद्या सकाळी सुधारले तरी वर मांडलेले 90 मीटर कमी होत नाहीत. धोरण आखायचं तर ते उत्तम ड्रायव्हरच्या हातूनही काय घडतं ते धरून आखावं लागतं.

या वादाचा निकाल खरं तर लागलेला आहे, आणि तो महाराष्ट्रातच लागला आहे. नागपूरहून मध्य प्रदेशात जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंच व्याघ्र प्रकल्पाला चिरत जातो. चौपदरीकरणाच्या वेळी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत भांडण गेलं, निसर्गप्रेमी संस्था वर्षानुवर्षं लढल्या, आणि शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ बांधकामं झाली. रस्ता उंच खांबांवर उचलला आणि खालची जमीन जंगलाला ठेवली. सर्वांत अरुंद वाट 50 मीटरची, सर्वांत रुंद 750 मीटरची. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. 2019 मध्ये काही महिन्यांतच 18 जातींचे वन्यप्राणी त्या वाटांनी जाताना टिपले गेले. 11 वेगवेगळे वाघ मिळून 89 वेळा रस्त्याखालून गेले. चितळ, गवे, रानकुत्री, अस्वल, सगळे. आणि वरून कोण जात होतं? तेच ट्रक, तेच ड्रायव्हर, तोच थकवा, तोच वेग. ड्रायव्हरांच्या स्वभावात तसूभर फरक पडला नव्हता. फरक पडला होता रस्त्यात.

दोष ड्रायव्हरचा असता तर पेंचमध्ये खांबांवर रस्ता उचलून काही साधलं नसतं. तिथे साधलं, म्हणून दोष कुठे आहे हे सिद्ध झालं. भारतीय वन्यजीव संस्थेने रस्ते, रेल्वे आणि वीजवाहिन्यांसाठी उपायांची सविस्तर मार्गदर्शिका 2016 मध्येच काढली. दिल्ली–मुंबई द्रुतगती मार्गावर रणथंभोर–मुकुंदरा पट्ट्यात प्राण्यांना माथ्यावरून जायला हिरवे पूल बांधले गेले. म्हणजे ज्ञान आहे, पैसा आहे, करून दाखवलेलं उदाहरण आहे. त्याच महामार्गाच्या शेजारून धावणाऱ्या जुन्या 48 क्रमांकाच्या रस्त्यावर मात्र आपण अजून "वन्यप्राण्यांपासून सावधान" असं लिहून मोकळे होतो.

मराठी वाचकाला आजोबा आठवत असेल. 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या. वन्यजीव शास्त्रज्ञ विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात त्याला जीपीएस पट्टा लावून माळशेजला सोडलं. तो महिन्याभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला. वाटेत रेल्वे ओलांडली, महामार्ग ओलांडले, खाडी पोहून पार केली आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. कुणालाही त्याने ओरखडा काढला नाही. डिसेंबर 2011 मध्ये तो मुंबईजवळ महामार्ग ओलांडताना गाडीखाली मेला. शरीरात बसवलेल्या चिपवरून त्याची ओळख पटली. त्याच्यावर सिनेमा निघाला, लोक हळहळले. पण तुंगारेश्वर आणि राष्ट्रीय उद्यान यांच्या मधून जाणाऱ्या महामार्गावर बिबटे मरायचे थांबले नाहीत. आजोबाच्या मृत्यूने ज्यांना जाब विचारायला हवा होता त्यांना कुणी फारसा विचारला नाही, कारण "कुठलातरी ट्रक असेल" एवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं होतं.

ड्रायव्हरच्या हातात थोडी माहिती आणि थोडा वेळ दिला तर तो काय करतो, हे पाहायला गुजरातमध्येच सौराष्ट्राकडे वळावं. गीरच्या बाहेर पसरलेले सिंह पिपावाव बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर येतात. तिथे मालगाड्यांखाली सिंह मेले, उच्च न्यायालयाने रेल्वे आणि वनखात्याला खडसावलं. त्यानंतर वेगमर्यादा, पाळत ठेवणारी माणसं, चालकाला आधी सूचना, अशा गोष्टी घट्ट झाल्या. जून 2024 मध्ये पिपावावजवळ रुळांवर बसलेले 10 सिंह पाहून एका मालगाडीच्या चालकाने आपत्कालीन ब्रेक लावले आणि सगळे सिंह वाचले. मालगाडी ट्रकपेक्षा कितीतरी जड आणि थांबायला कितीतरी अवघड. तरी तो थांबवू शकला, कारण कुठे सावध राहायचं हे त्याला सांगितलेलं होतं आणि तिथे त्याचा वेग आवाक्यात ठेवलेला होता. ट्रक ड्रायव्हरला असं कोण सांगतं? उलट सांगायला तोच येऊ शकतो, पण त्याचं ऐकायला कुणी बसलेलं नाही.

तो का बोलत नाही, तेही समजून घ्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीमध्ये मारणं आणि जखमी करणं दोन्ही मोडतं. बिबट्या, मगर हे पहिल्या अनुसूचीतले प्राणी. शिक्षा किमान 3 वर्षं, कमाल 7. अपघात हा हेतुपूर्वक केलेला गुन्हा नव्हे, हे न्यायालयात मांडता येतं. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी गाडी जप्त होते, हप्ते थकतात, माल सडतो, मालक दुसरा ड्रायव्हर बघतो. शिवाय गर्दीची भीती. जानेवारी 2024 मध्ये देशभरचे ट्रकवाले रस्त्यावर आले ते भारतीय न्याय संहितेतल्या धडक देऊन पळणाऱ्याला 10 वर्षांच्या शिक्षेच्या तरतुदीवरून. ती लागू करण्याआधी वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलू, असं सरकारला सांगावं लागलं. त्या वेळी "पळता कशाला, थांबा ना" असं सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी रात्री दोन वाजता जमलेला जमाव पाहिला असेल? जखमी माणसाला मदत करणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालं. जखमी जनावराची खबर देणाऱ्याला तसा शब्द कुणी दिलेला नाही. मग तो पुढे निघून जातो. जनावर तडफडत राहतं. शिक्षा वाढवा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की प्रत्येक वाढीव वर्षाबरोबर थांबणाऱ्या गाड्या कमी होतील.

बंदीपूरची रात्रबंदी नेहमी पुढे केली जाते. तिचा मी समर्थक आहे. 2009 पासून कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून रात्री 9 ते पहाटे 6 वाहतूक बंद असते, आणि त्या जंगलाला ते साजेसंच आहे. ते राष्ट्रीय उद्यानाचं काळीज आहे आणि वाहनांना लांबचा का होईना, दुसरा रस्ता आहे. पण बडोदा–भरूच हा देशाच्या मालवाहतुकीचा मुख्य कणा आहे. इथली मगर आणि नीलगाय अभयारण्यात राहत नाहीत, शेतात, नाल्यात, कारखान्यांच्या मागे राहतात. शेतकऱ्याने पीक वाचवायला तारेचं कुंपण केलं, झटका मशीन लावलं. सरकारने त्याला अनुदान दिलं. शेत बंद झालं तेव्हा नीलगायीचा कळप मोकळ्या पट्टीने चालू लागला, आणि मोकळी पट्टी म्हणजे रस्त्याची कड. प्रत्येकाने आपापलं कुंपण घातलं आणि जनावराला महामार्गावर आणून सोडलं. इथे बंदीपूर चालणार नाही, पेंच चालेल.

म्हणून बडोद्यातल्या आणि महाराष्ट्रातल्या प्राणिप्रेमी मंडळींना माझी विनंती आहे. तुमची ताकद योग्य दारावर लावा. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला विचारा की जांबुवा ते करजण पट्ट्यातल्या किती मोऱ्या पावसाळ्याआधी साफ झाल्या, आणि गोल पाइपांच्या जागी कोरडी कड असलेली चौकोनी मोरी कधी बसणार. मगरींच्या पट्ट्यात जुलै ते सप्टेंबर रात्रीचा वेग सगळ्या वाहनांना 50 करा म्हणा, कारलाही. जिथे वारंवार जनावर मरतं तिथे दुभाजकाची झुडपं कापा आणि कठड्यात फटी ठेवा. खबर देणाऱ्या ड्रायव्हरची गाडी अडवली जाणार नाही असं वनखात्याकडून लेखी घ्या.

आणि ड्रायव्हरांना विचारा. कुठल्या मोरीपाशी नीलगाय उतरते, कुठल्या पुलाअलीकडे मगर चढते, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. करजणजवळच्या भरथाणा टोलनाक्यावर रोज हजारो गाड्या मंदावतात. तिथे हिंदी, गुजराती आणि मराठीत एक मोठा फलक लावता येईल: महामार्गाची मदत 1033, गुजरातेत जखमी जनावरासाठी 1962, महाराष्ट्रात वनखात्याचा 1926. या फलकाला खर्च जवळपास काहीच नाही. तो लावायला लागा, आणि तोवर तुमच्या मोबाइलमध्ये हे तीन नंबर ठेवा, भेटेल त्या ड्रायव्हरला द्या.